‘नंतर बोलू’ म्हणालात, ते ‘नंतर’ कधी?

वाचकाचं पत्र, नाव-गाव वगळून, थोडक्यात:

पत्र लिहिणारे गृहस्थ शाळेत गणित शिकवतात आणि गेली 11 वर्षं आपल्या चर्चच्या संडे स्कूलमध्येही शिकवतात. घरात पत्नी, 15 वर्षांचा मुलगा, 9 वर्षांची मुलगी आणि वडील आहेत. त्यांची आई आठ महिने आजारी होती. त्या काळात रोज रात्री तिच्यासाठी घरात प्रार्थना होत असे. मुलाने एकही रात्र चुकवली नाही. आपल्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तो रोज एक रेघ ओढायचा. आई गेली. तीन महिन्यांनी संडे स्कूलमध्ये याईराच्या मुलीचा धडा (येशू त्या मेलेल्या मुलीला जिवंत करतो) चालू असताना मुलाने सगळ्यांसमोर विचारलं, ‘मग आजीला का नाही?’ हे म्हणाले, ‘देवाची योजना आपल्याला कळत नाही. आपण नंतर बोलू. पुढचा प्रश्न.’

त्या रविवारपासून मुलगा चर्चला गेलेला नाही. घरच्या प्रार्थनेला बसत नाही, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्याच्या प्रतिज्ञा मोठेपणी स्वतः करण्याच्या विधीच्या) वर्गात नाव घालू नका म्हणतो. आजोबांचं म्हणणं, लाड बंद करा. पत्नी म्हणते, त्याच्या मागे लागू नका. चर्चमध्ये कोणी विचारलं की हे ‘त्याला अभ्यास आहे’ असं सांगतात. धाकटी विचारते, ‘दादावर देव रागावलाय का?’ पत्रात ते लिहितात, ‘दुसऱ्यांच्या मुलांना विश्वास शिकवतो आणि माझ्याच घरात तो उरला नाही. बाप म्हणून मी नापास झालो. संडे स्कूलचा राजीनामा द्यावा का? मुलाला सक्तीने न्यावं की सोडून द्यावं?’ आणि अगदी शेवटी, जाता जाता: ‘पुढच्या महिन्यात लाजराचा धडा आहे, तोही मेलेल्या माणसाला येशूने उठवल्याचा. तो कसा शिकवू?’

उत्तर:

प्रिय बंधू,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा त्यात मला हाताबाहेर चाललेला मुलगा आणि त्याच्यामुळे खचलेला बाप दिसला, कारण तुम्ही ते तसंच मांडलं आहे. दुसऱ्यांदा मी ‘नंतर बोलू’ या शब्दांपाशी अडलो आणि ते ‘नंतर’ कधी आलं ते शोधत उरलेली पानं चाळली. कुठेच आलेलं नाही. राजीनामा आहे, सक्ती आहे, आजोबांचं मत आहे, लोक काय म्हणतील तेही आहे. मुलाने जे विचारलं त्याकडे मात्र घरातलं कोणीच परत वळलेलं नाही. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एवढ्या लांब पत्रात ‘आई गेली’ हे दोनच शब्द आहेत आणि त्यांच्यापुढे पूर्णविराम.

तुमची आई गेली, हो. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी एवढंच म्हणतो की वाचून फार वाईट वाटलं. आठ महिने रोज रात्री ज्या माणसासाठी हात जोडले, त्याच्या जाण्यानंतर तीन महिन्यांत तुम्ही पुन्हा मुलांसमोर उभे राहून ‘मुली, ऊठ’ हा धडा शिकवत होतात. तो धडा त्या दिवशी तुम्हाला कसा गेला, हे कोणी विचारलं का?

तुम्ही म्हणता, घरात विश्वास उरला नाही. मला ते पटत नाही. आठ महिने म्हणजे जवळजवळ 240 रेघा. 15 वर्षांचा मुलगा रोज न चुकता बायबलचं शेवटचं पान उघडून एक रेघ ओढतो, आणि एक दिवस ओढायला कारणच उरत नाही. तुमच्या गणिताच्या पुस्तकात उत्तरं मागच्या पानांवर छापलेली असतात. त्याच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर फक्त रेघा आहेत. तरी तो रुसून गप्प बसला नाही. चर्चमध्ये, सगळ्यांदेखत, ज्याच्यावर त्याचा सर्वांत जास्त भरवसा आहे त्या माणसाला त्याने विचारलं. देव कोणीच नाही असं ज्याला वाटतं, तो देवाने असं का केलं म्हणून विचारत नाही. तो विषय सोडून देतो.

बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 13 वं स्तोत्र काढून पहा. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. 22 वं स्तोत्र ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असं सुरू होतं आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी तेच शब्द आहेत. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची एक ओळसुद्धा नाही. 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं अशी गाऱ्हाण्यांची आहेत. ती कोणी काढून टाकली नाहीत, मंडळी शतकानुशतकं ती प्रार्थना म्हणून म्हणत आली. तुमच्या मुलाचा प्रश्न स्तोत्रसंहितेत सहज बसला असता, तुमच्या वर्गात बसला नाही.

हे मी दोष द्यायला लिहीत नाही. ‘पुढचा प्रश्न’ तुमच्या तोंडून का निघालं, ते मला समजू शकतं. क्षणभर थांबला असतात तर सगळ्या मुलांसमोर आवाज फुटला असता. म्हणून तुमच्यातला शिक्षक पुढे आला आणि त्याने तुमच्यातल्या आईवेगळ्या मुलाला मागे ढकललं. पण समोर बसलेल्या मुलाला एवढंच दिसलं की आजीचं नाव निघालं आणि बाबांनी पान उलटलं.

मीही शिकवण्याचा व्यवसाय केला आणि घरी मुलं वाढवली, म्हणून या जागेची मला ओळख आहे. माझी मुलगी 10 वर्षांची असताना जेवायला बसताना तिने विचारलं होतं, ‘आपल्याला काय हवंय ते देवाला आधीच माहीत असतं, मग मागायचं कशाला?’ मत्तयाच्या 6 व्या अध्यायात येशू खरोखरच तसं म्हणतो, तुम्ही मागण्यापूर्वी तुमच्या पित्याला तुमच्या गरजा ठाऊक आहेत. मला आनंद झाला आणि मी समजावायला लागलो. मुद्दे पाडले, उदाहरणं दिली. बऱ्याच वेळाने पाहिलं तर ती ताटाच्या कडेवरून बोट फिरवत बसली होती. म्हणाली, ‘बाबा, मी मागितलं होतं आणि मिळालं नाही.’ काय मागितलं होतं, ते तिने त्या रात्री सांगितलं नाही. नंतरही नाही. माझं उत्तर बरोबर होतं आणि ते तिच्या प्रश्नाचं नव्हतं. आजही मला ते ताटावरचं बोट आठवतं.

याच्या उलट एक आठवण माझ्या वडिलांची. ते दिवसा आम्हाला वचनं पाठ करायला लावत, त्यातली निम्मी मी विसरलो. पण रात्री दिवा मालवल्यावर, आम्ही झोपलो असं समजून, ते पलंगाच्या कडेला गुडघे टेकत. डाव्या गुडघ्याचा कट्‌ असा आवाज व्हायचा. मग पुटपुटणं ऐकू यायचं, एकेकाचं नाव घेऊन. एका रात्री ते मध्येच थांबले. इतका वेळ थांबले की मला वाटलं, त्यांना झोप लागली. मग अंधारात एवढंच ऐकू आलं, ‘प्रभू, मला काही कळत नाही.’ आणि पुन्हा तीच नावं, पहिल्यापासून. घरात तेव्हा काय चाललं होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी समजलं. माझ्या विश्वासाचं मूळ शोधायला निघालो तर मी त्या अंधारापाशी पोचतो, पाठांतरापाशी नाही. ज्याला काही कळत नाहीये तो माणूस अजून गुडघ्यांवर आहे, हे मी ऐकलं होतं.

तुमच्या मुलाने असं काही ऐकलं आहे का? त्याने तुम्हाला शिकवताना ऐकलं आहे, प्रार्थना चालवताना ऐकलं आहे. स्वतःला उत्तर न मिळालेला माणूस म्हणून त्याने तुम्हाला कधी पाहिलं आहे का, हे मला विचारावंसं वाटतं.

आता याईराकडे परत जाऊ, कारण तुम्ही तो धडा शिकवला पण त्यातला बाप तुमच्या नजरेतून सुटला असावा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात याईर हा कोणी साधा माणूस नाही. तो सभास्थानाचा अधिकारी आहे, लोकांना धर्माची वाट दाखवणाऱ्यांपैकी. असा माणूस भर गर्दीत येशूच्या पायांवर पडतो आणि गयावया करतो. त्या क्षणी त्याचं पद उरत नाही, बापपण तेवढं उरतं. वाटेत ती 12 वर्षं आजारी असलेली बाई येते, येशू तिच्यासाठी थांबतो, आणि तेवढ्यात घरून निरोप येतो की मुलगी मेली. त्या थांबण्याच्या वेळात याईराच्या मनात काय झालं असेल? शुभवर्तमानात त्याबद्दल एक शब्द नाही. तुमच्या मुलाला तिथेच उभं राहायचं होतं आणि धडा पुढे निघून गेला. त्याच शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेला आणखी एक बाप आहे. त्याने केलेली प्रार्थना मला सगळ्या बायबलमधली सर्वांत प्रामाणिक वाटते: ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एका दमात दोन्ही. येशूने त्याला आधी अविश्वास संपवून ये असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला.

आणखी एका बापाची गोष्ट सांगतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529 मध्ये ‘लहान कॅटेकिझम’ लिहिला, तो मुख्यतः घरच्या कर्त्यांसाठी. आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना हे सगळं घरातल्यांना साध्या शब्दांत कसं शिकवावं, याचं ते पुस्तक. प्रत्येक भागानंतर एकच प्रश्न येतो, ‘याचा अर्थ काय?’ आणि त्याला नेमकं उत्तर. त्याच वर्षी त्याच्या घरी माग्दालेना जन्मली. 1542 च्या सप्टेंबरमध्ये ती गेली, 13 वर्षांची. त्यानंतर त्याने एका मित्राला लिहिलं की आपण आणि आपली पत्नी खरं तर देवाचे आभार मानायला हवेत, पण जीव असा काही गुंतलेला आहे की रडू आल्याशिवाय, हुंदके आल्याशिवाय ते जमत नाही. प्रत्येक ओळीचा अर्थ सांगणारं पुस्तक लिहिणाऱ्याला स्वतःच्या घरातल्या त्या एका गोष्टीचा अर्थ मांडता आला नाही, आणि त्याने ते लपवलं नाही. म्हणून त्याचं शिकवणं खोटं ठरत नाही.

मुलांना शिकवण्याबद्दल बोलताना आपण बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 6 वा अध्याय हटकून काढतो. पण त्यात प्रसंग कोणते दिलेत ते पहा: घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजताना, उठताना. वर्ग नाही, ठरलेली वेळ नाही. त्याच अध्यायात पुढे, 20 व्या ओवीत, मुलगा बापाला विचारतो की या विधिनियमांचा अर्थ काय. मुलगा विचारणार हे तिथे धरूनच चाललं आहे, तो अपराध नाही. आणि बापाने काय सांगायचं? ‘आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो’ इथून सुरुवात. नियमाचा अर्थ विचारला तर स्वतःची हकिगत सांगायची, आणि तीही दुःखापासून सुरू होणारी.

तेव्हा तुमच्या दोन पर्यायांआधी, सक्ती की मोकळीक याआधी, एक काम राहिलं आहे. ते ‘नंतर’ पुरं करा. प्रार्थनेच्या वेळी नको, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर तर नकोच. दोघंच कुठेतरी पायी निघा. समोरासमोर बसण्यापेक्षा बाजूबाजूने चालताना या वयाच्या मुलांना बोलणं सोपं जातं, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. आणि फार न सजवता म्हणा, ‘त्या दिवशी तू आजीबद्दल विचारलंस आणि मी टाळलं. मला उत्तर येत नव्हतं. मलाही तेच विचारायचं होतं, अजून आहे.’ मग थांबा. शिक्षकाला हे थांबणं फार जड जातं, मला माहीत आहे. वचन जोडू नका. ‘पण’ म्हणून पुढचं वाक्य सुरू करू नका. तो काहीच बोलला नाही तरी चालेल, ‘बरं’ म्हणाला तरी चालेल, चिडला तरी चालेल. त्याने रेघांचं ते पान दाखवलं तर पहा. स्वतःहून मागू नका. डोळ्यांत पाणी आलं तर पुसायची घाई नको. तुम्हाला आईसाठी रडताना त्याने अजून पाहिलेलं नसावं, असं मला पत्रावरून वाटतं.

हे एकदा झाल्यावर बाकीचे प्रश्न बरेच हलके होतील. तरी तुम्ही विचारलेत, म्हणून माझं मत देतो.

सक्तीच्या बाजूने बोलण्यासारखं थोडं आहे, ते मी नाकारत नाही. घराला एक वळण असतं, लहान मुलाला आपण चर्चला येतोस का असं विचारत बसत नाही, आणि कंटाळा आला म्हणून कोणी शाळा सोडत नाही. पण तुमचा मुलगा कंटाळलेला नाही, दुखावलेला आहे. दुखावलेल्याला ओढत बाकावर बसवलं तर तो तिथे बसून एकच गोष्ट शिकेल, की इथे खरं बोलायचं नसतं. प्रेषित पौल इफिसकरांस पत्र लिहिताना बापांनाच बजावतो, ‘आपल्या मुलांना चिरडीस आणू नका’, आणि शिस्त-शिक्षणाची गोष्ट त्यानंतर येते. मात्र ‘तुझं तू बघ’ म्हणून सोडून देणंही मला बरं वाटत नाही. 15 व्या वर्षी ती मोकळीक फार एकटी पडते. मी असतो तर म्हणालो असतो, ‘रविवारी आम्ही जाणार आहोत, दार तुझ्यासाठी उघडं आहे, सध्या तू नाही आलास तर मी भांडणार नाही.’ घरची प्रार्थना थांबवू नका. त्या वेळी तो दुसऱ्या खोलीत असला तर असू दे, आवाज तिथवर जातो. त्याच्याकडून दोनच गोष्टी मागा: बहिणीच्या प्रार्थनेची टिंगल करायची नाही आणि आपल्याशी खोटं बोलायचं नाही.

खोट्यावरून आठवलं. ‘त्याला अभ्यास आहे’ हे सांगणं आजपासून बंद करा. लोकांना जे खपेल ते सांगून मोकळं व्हायचं, हे तुम्ही मुलाच्या नावावर, चर्चच्या दारात उभे राहून करत आहात, आणि त्याच्या कानावर ते गेलं असणार. ‘सध्या तो येत नाही’ एवढं पुरे. कोणी जास्तच खोदलं तर ‘तो आजीच्या जाण्याने दुःखी आहे, आम्हीही आहोत’ म्हणा. हेच खरं आहे आणि यात लाजण्यासारखं काही नाही. त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव प्रार्थनेच्या विनंत्यांमध्येही देऊ नका. भल्या हेतूने केलेली असली तरी ती चव्हाट्यावरची चर्चाच होते.

दृढीकरणाचा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटतो. लहानपणी त्याच्या वतीने दुसऱ्यांनी केलेल्या प्रतिज्ञा तो तिथे स्वतःच्या तोंडाने करणार. दुसऱ्याच्या दबावाखाली त्या म्हणायला लावणं म्हणजे त्या विधीचा अर्थच काढून घेणं. पाळकांना भेटा, यंदा नाही म्हणून सांगा. वर्ष हुकलं तर विश्वास हुकत नाही. प्रतिज्ञा करायला नकार देणारा मुलगा प्रतिज्ञेला किती मोल देतो, हेही त्यात दिसतं.

तुमच्या वडिलांचं ‘लाड बंद करा’ तुम्हाला कडक वाटतं. मी त्यामागे एक माणूस पाहतो ज्याची आयुष्यभराची सोबतीण गेली आहे. घरची प्रार्थना ही त्यांना तिच्याशी जोडणारी शेवटची गोष्ट असेल, आणि नातू तिथून उठून जातो तेव्हा त्यांना दुसऱ्यांदा काहीतरी तुटल्यासारखं होत असेल. एका घरात तीन पुरुष एकाच बाईसाठी झुरत आहेत आणि प्रत्येक जण दुसऱ्याशी शिस्तीच्या भाषेत बोलतो आहे. वडिलांना नातवाला समजावायला सांगू नका. त्यांना म्हणा, ‘बाबा, त्याला आईबद्दल सांगा.’ तरुणपणी ती कशी होती, कशावर हसायची, तिने मागितलेलं काय मिळालं आणि काय मिळालं नाही. प्रार्थनेचं उत्तर न मिळूनही ती उभी राहिली असे प्रसंग तिच्या आयुष्यात असणारच, आणि ते एकट्या त्यांनाच ठाऊक असतील.

धाकटीला मात्र आजच उत्तर द्या, नऊ वर्षांच्या मुलीला असल्या प्रश्नावर ताटकळत ठेवू नये. ‘नाही. देव दादावर रागावलेला नाही. दादाला आजीची आठवण येते.’ आणि घरात कोणीही त्याला ‘उधळा पुत्र’ (येशूच्या दाखल्यातला, घर सोडून दूर देशी गेलेला मुलगा) म्हणत असेल तर थांबवा. तो दूर देशी गेलेला नाही, शेजारच्या खोलीत आहे. तुमच्या पत्नीचं म्हणणं मला बरंचसं पटतं. फक्त ‘मागे लागू नका’चा अर्थ ‘विषयच काढू नका’ असा झाला, तर ते मौनही त्याला दुसरं ‘पुढचा प्रश्न’ वाटेल.

राजीनामा देऊ नका, निदान लाजेपोटी देऊ नका. तुम्ही तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ते वाक्य मनात धरून बसला असाल, ज्याला आपलं घर चालवता येत नाही तो मंडळी कशी सांभाळणार. पण मुलाने शोक करताना एक खरा प्रश्न विचारला म्हणून घराची घडी मोडत नाही. मुलगा हा बापाची उत्तरपत्रिका नव्हे. ‘नापास’ हा शब्द तुमच्या आठवड्याच्या पाच दिवसांतला आहे, तो तिथेच ठेवा. हां, दोन-तीन महिने शिकवण्यातून सुट्टी घेतलीत तर मला आवडेल. शिक्षा म्हणून घेऊ नका, आईसाठी घ्या. आणि मुलगा परत आला तरी त्याचा वर्ग तुमच्याकडे नको. तुमच्या चर्चमध्ये एखादा शांत, ऐकून घेणारा मोठा माणूस असेल, त्याच्याशी त्याची सहज गाठ पडू द्या. काही गोष्टी बापाला सांगता येत नाहीत, बाप चांगला असला तरी.

पुढे मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका एका बिशपाकडे गेली होती, ते या संदर्भात आठवतं. मुलगा वेगळ्याच पंथात शिरला होता, तिची मागणी होती की बिशपांनी त्याच्याशी वाद घालून त्याला परत आणावं. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला. त्याने साफ नकार दिला. म्हणाला, त्याला आहे तिथे राहू दे, त्याच्यासाठी फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्याला कळेल. ती रडत मागे लागली तेव्हा वैतागून त्याने ते पुढे प्रसिद्ध झालेलं वाक्य उच्चारलं, की एवढ्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. आपण ते वाक्य लक्षात ठेवतो आणि आधीचा नकार विसरतो. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा 387 मध्ये झाला, 32 व्या वर्षी. तुमच्या मुलाच्या बाबतीतही तसंच होईल असं आश्वासन मी देत नाही, तसं कोणालाच देता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की वाद न घालता थांबणं म्हणजे हात झटकणं नव्हे, हे आपल्यातल्या जुन्या-जाणत्यांना 1,600 वर्षांपूर्वीही ठाऊक होतं.

अशीच पत्रं मला आयांकडूनही येतात, आणि ज्यांची मुलं पंचविशी-तिशीत चर्च सोडून बसली आहेत अशांकडूनही. त्यांना सांगतो, मुलगा घरात नसला तर पायी फिरायच्या ऐवजी फोन करा, पण त्यात चर्चला जातोस का हा पहिला प्रश्न नको. ज्या दिवशी काहीतरी टाळलं गेलं तो दिवस बहुतेकांना आठवतो. तिथूनच सुरुवात करा, उशीर झाला असला तरी. आणि एक काळजी सगळ्यांनीच घ्यायची. मूल झोपत नसेल, खात नसेल, मित्रांना टाळत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर ते विश्वासाचं दुखणं समजून प्रार्थनेवर थांबू नका. डॉक्टरकडे, समुपदेशकाकडे न्या. प्रार्थना त्याच्या जोडीला करा.

राहिला लाजराचा धडा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायात लाजर मेल्यावर त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी येशूला वेगवेगळ्या भेटतात आणि दोघींच्या तोंडी अगदी तेच वाक्य आहे: ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ मार्थेशी येशू पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीयेला तो काहीच समजावत नाही, कबर कुठे आहे तेवढं विचारतो आणि रडतो. आता आपण लाजराला उठवणार आहोत हे माहीत असताना रडतो. प्रश्न एकच, पण विचारणारी दोघं वेगळी. नीतिसूत्रांच्या 22 व्या अध्यायातलं ते वचन आपल्या मराठी बायबलमध्ये ‘मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण’ अशा शब्दांत आहे. त्यातल्या ‘स्थितीस अनुरूप’ या दोन शब्दांकडे मी स्वतः कितीतरी वर्षं लक्ष दिलं नव्हतं. तुमच्या मुलाने मरीयेसारखं विचारलं होतं आणि त्याला मार्थेला द्यायचं उत्तरही पुरतं मिळालं नाही.

तो धडा यंदा दुसऱ्या कोणाला तरी शिकवू द्या. त्या रविवारी तुम्ही पत्नीच्या शेजारी बसा, आईचं गीतपुस्तक हातात घ्या, आणि गीत सुरू झाल्यावर आवाज लागला नाही तर नुसते बसा. घरी आल्यावर मुलाने विचारलं, ‘आज काय शिकवलंत?’, तर सांगा की आज शिकवलं नाही, ऐकलं.